बिस्किट आणि काकांचा फर्स्ट क्लास

नियमांची पुस्तकं लिहिणारे या जगात पुष्कळ आहेत, पण ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस एकच, आणि तो आमच्या शेजारी राहतो. अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत मी राहायला आले त्याच आठवड्यात काका दारात उभे राहिले. मला वाटलं, स्वागताला आले. ते आले होते आमचा कचऱ्याचा डबा रस्त्यापासून ठरलेल्या अंतरावर नाही हे सांगायला, आणि हातात मोजपट्टी होती. डबा त्यांनी स्वतःच सरकवला आणि म्हणाले, "आता चहाला ये. काकू वाट बघतेय." त्या चहापासून आजपर्यंत मी या माणसाकडे आ वासून बघते आहे. चाळीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात व्हॉल्व्ह तपासले, पास आणि फेल असे दोनच शिक्के मारले, आणि रिटायर झाल्यावर ते शिक्के डोक्यात घेऊन घरी आले. मराठी मंडळाचा राजीनामा त्यांनी दिला तो का, तर गणपतीची कमिटी निवडली तेव्हा कोरम नव्हता म्हणून. मोदक वळायला मात्र दरवर्षी हजर असतात. मोदकांना कोरम लागत नाही, असं त्यांनी घटना वाचून ठरवलं आहे.

असा माणूस घोड्यावर बसेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच डॉक्टरकडे नेलं असतं. झालं असं की, त्यांच्या नातीनं घोडेस्वारीचे दोन धडे घेतले आणि "इट्स बोअरिंग" म्हणून सोडून दिलं. शिकवणाऱ्या बाईंना, म्हणजे लिंडाला, सॉरी म्हणायला काका तिच्या तबेल्यावर गेले आणि तिथल्या घोडीवरून एक फेरी मारूनच परत आले. मुलीनं फोनवर आकाशपाताळ एक केलं. "डॅड, यू आर सिक्स्टी-नाइन." काका शांतपणे म्हणाले, "म्हणून तर. सत्तरीनंतर उशीर होईल." घोडीचं नाव बिस्किट. चोवीस वर्षांची, रंगानं मारी बिस्किटासारखी, आणि आजूबाजूच्या निम्म्या पोरांना तिनं पाठीवर घेऊन शिकवलेलं. काका तिला रोज गुळाचा खडा नेत आणि तिच्या कानाशी काहीबाही पुटपुटत. काकू मला म्हणाल्या, "पंचेचाळीस वर्षांत माझ्या आमटीला कधी ‘छान’ म्हणाले नाहीत. घोडी नुसती चालली तरी म्हणतात."

इथवर ठीक होतं. पण मग लिंडानं त्यांना ड्रेसाज दाखवलं. ड्रेसाजमध्ये घोडा पळवायचा नाही की उड्या मारायला लावायच्या नाहीत. आखलेल्या चौकोनात, ठरलेल्या अक्षरापाशी, ठरलेल्या चालीनं वळायचं आणि थांबायचं. समोर बसलेली परीक्षक प्रत्येक हालचालीला दहापैकी मार्क देते, शेरे लिहून देते आणि शेवटी टक्के काढते. वर या सगळ्याचं एक जाडजूड नियमांचं पुस्तक. काकांना स्वर्ग दोन बोटं उरला. त्यातही त्यांचा जीव अडकला तो टक्क्यांत. इंजिनिअरिंगला त्यांचा फर्स्ट क्लास एका मार्कानं हुकला होता. ही गोष्ट ते कधी बोलत नाहीत, पण काकूंच्या तोंडून ती सगळ्या वस्तीनं ऐकली आहे. "साठ मिळाले की झालं," मला म्हणाले. "ज्या बाईला मी कोण, कुठला, माहीत नाही, तिच्या हातचे साठ." स्पर्धा साधी नव्हती, ड्रेसाजच्या संस्थेची रीतसर मान्यता असलेली होती, पण सभासद नसलेल्या नवख्यांसाठी फॉर्मवर वेगळा रकाना होता. थोडी जास्त फी भरून काका त्या रकान्यात शिरले. सभासदच का होत नाही, असं विचारलं तर म्हणाले, "आधी संस्था कशी चालते ते बघू. मंडळाचा अनुभव विसरलीस?" आणि संधी एकच होती. बिस्किटचा हा शेवटचा उन्हाळा, नंतर ती कुरणावर मोकळी सुटणार, असं लिंडानं सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या घोड्यावर बसायला काका तयार नव्हते.

मग दोन महिने त्यांच्या बॅकयार्डात पाट्या लागल्या. ड्रेसाजची अक्षरं ए, के, ई, एच अशी कशीही पेरलेली असतात. त्यामागचं कारण विचारणारं पत्र काकांनी संस्थेला पाठवलं, आणि कारण कुणालाच ठाऊक नाही असं उत्तर आल्यावर दोन दिवस जेवले नाहीत नीट. या पाट्यांमधून काका स्वतः दुडक्या चालीनं धावत आणि मी डेकवरून परीक्षेचा कागद मोठ्यानं वाचत असे. नवख्यांना असा वाचक चालतो. "पण वाचायचं फक्त जे लिहिलंय ते," काकांनी मला पुस्तकातलं कलम दाखवून बजावलं. "वर एक शब्द सल्ला दिलास की मी बाद." मी हो म्हटलं. रविवारी मी त्यांच्याबरोबर तबेल्यावरही जाई. तिथे लिंडा दर पाच मिनिटांनी तेच ओरडत असे, लगाम सैल सोडा, टाच लावा. कारण घोडी थांबली की काका लगाम आवळत आणि देवळातल्या नंदीसारखे बसून राहत.

स्पर्धेच्या दिवशी तासभर मक्याच्या शेतांमधून ड्राइव्ह करून आम्ही मैदानावर पोचलो. काकूंनी साबुदाण्याची खिचडी घेतली होती. पांढरी घट्ट विजार, काळा कोट आणि हेल्मेट घातलेले काका समोर आले तेव्हा त्या म्हणाल्या, "लग्नात इतके तयार झाले नव्हते." आजूबाजूला सगळ्या बारा-पंधरा वर्षांच्या मुली. काका आत गेले, मधोमध थांबले, एका हातात लगाम घेऊन परीक्षकबाईंना मान लववली. मी वाचू लागले. वर्तुळ झालं, कोपरे झाले, काका चालले होते. आणि बी अक्षरापाशी ठेवलेल्या लाल फुलांच्या कुंडीसमोर बिस्किट थांबली. थांबली ती थांबलीच, मान खाली घालून फुलं हुंगू लागली. काकांनी लगाम आवळला. नंदी झाला. एकेक सेकंद जात होता आणि माझ्या डोळ्यांसमोर ते साठ टक्के चालले होते. माझ्या तोंडून हळूच निघून गेलं, "काका, लगाम जरा सैल करा. टाच लावा."

त्यांनी केलं. बिस्किट निघाली, आणि उरलेली परीक्षा तिनं अशी दिली की लिंडा डोळे पुसत होती. अर्ध्या तासानं फलकावर आकडा लागला. एकसष्ट. काकूंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. काका फलकासमोर खूप वेळ उभे राहिले. मग वळले आणि सरळ ऑफिसच्या तंबूकडे चालू लागले. ते कशाला चाललेत हे लक्षात आलं तशी मी धावत जाऊन त्यांना अडवलं.

"काका, प्लीज. मी मराठीत बोलले. इथे कुणाला कळलंय?"

"मला कळलं ना," काका म्हणाले. "मला मराठी येतं."

दुकानात, लिफ्टमध्ये, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये आम्ही सगळे आयुष्यभर मराठीत बिनधास्त बोलत आलो, कुणाला कळत नाही या भरवशावर. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याची लाज वाटली. तंबूत नियमांवर देखरेख करणाऱ्या बाई बसल्या होत्या. काकांनी त्यांना माझं वाक्य शब्दशः भाषांतर करून सांगितलं, त्यातला ‘काका’सुद्धा गाळला नाही, आणि कलमाचा नंबरही दिला. तक्रार कुणाविरुद्ध आहे, असं बाईंनी दोनदा विचारलं. "माझ्याविरुद्ध," काका म्हणाले. बाईंनी पुस्तक उघडलं, वाचलं, उसासा टाकला आणि बाहेर येऊन फलकावरचा एकसष्ट काकांच्या नावासकट खोडला. परत येताना मी गाडीत ढसाढसा रडले. काकू मागच्या सीटवरून म्हणाल्या, "तू नको रडू गं. इंजिनिअरिंगच्या वेळी रीचेकिंगचा फॉर्म भरला असता तर तो एक मार्क मिळत होता. सगळे सांगत होते. यांनी नाही भरला." काकांनी खिचडीचा डबा माझ्याकडे सरकवला. स्वतः मात्र त्यांनी एक घासही घेतला नाही.

दुसऱ्या आठवड्यात काकांनी संस्थेचं सभासदत्व घेतलं. आता कशाला, मी विचारलं, आता तर बिस्किटही नाही. "चांगली संस्था आहे," ते म्हणाले. "त्यांनी माझं नाव खोडलं."

बिस्किट आता लिंडाच्या कुरणावर असते. तिच्या पाठीवर कुणी बसत नाही. रविवारी काका गूळ घेऊन जातात, तिच्या गळ्यात दोरी घालतात आणि तिच्या शेजारून चालत तीच परीक्षा देतात, आणि मी कुंपणाशी उभी राहून तोच चुरगळलेला कागद वाचते. परवा कुरणाच्या मध्यावर रानफुलांचा एक झुबका होता. बिस्किट थांबली, मान खाली घातली. काकांची मूठ दोरीवर आवळली. मी ओठ घट्ट मिटून घेतले. काकांनी मागे वळून पाहिलं नाही.

"सांग की," ते म्हणाले.

"काय?"

"तेव्हा सांगितलं होतंस ते."

मी म्हणाले, "काका, लगाम जरा सैल करा." त्यांनी मूठ उघडली, आणि ती दोघं हळूहळू पुढे चालू लागली.