बाईंचं नाक आणि भाचेबुवांचं बाइंडिंग

हॉस्पिटलांच्या चादरी धुणाऱ्या त्या कारखान्यात बाईंना ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि बाईंना ज्याचा वीट आला नाही असाही माणूस फारसा नव्हता. सडसडीत अंग, ओठांना कायमची मुरड, आणि त्यावर ते नाक! लोक पाठीमागे त्यांना 'नाकवाल्या बाई' म्हणायचे. बाईंना ते ठाऊक होतं. एकदोनदा तोंडावर म्हणून पाहणाऱ्याला त्यांनी सांगितलंही होतं, "नाक आहे म्हणून नाव तरी आहे. तुला काय आहे?"

त्या नाकावर अख्खा कारखाना चालायचा, हे मात्र कुणी कबूल करत नसे. पद्धत अशी होती : वाळवणीच्या यंत्रातून गठ्ठा निघाला की बाई त्यातली एक चादर ओढायच्या, गरम असतानाच तिची चौघडी करायच्या, तिच्यात नाक खुपसायच्या आणि तीन श्वास घ्यायच्या. पहिल्या श्वासाला साबण कळतो, दुसऱ्याला पाणी कळतं आणि तिसऱ्याला माणूस. तिसऱ्या श्वासाला माणूस लागला की, "बाद! परत तिसरं पाणी द्या." शंभरातले नऊ गठ्ठे असे तिसऱ्यांदा खळबळायला परत जायचे. एकोणीस वर्षं हे चाललं होतं.

मग जुने मॅनेजर निवृत्त झाले आणि काचेच्या खोलीतली खुर्ची रिकामी पडली. कामगारांच्या पाळ्या लावणं, यंत्रं दुरुस्त करून घेणं, हॉस्पिटलच्या तक्रारी ऐकणं हे सगळं बाई आधीही करत होत्याच. खुर्ची आपलीच, यात त्यांना शंका नव्हती. पण मालकांनी तेवढ्यात कारखान्यासाठी कसलंसं दर्जाचं प्रमाणपत्र मिळवलं होतं, आणि त्यात अट होती की मॅनेजरकडे व्यवस्थापनाची पदवी हवी.

"बाई, खुर्ची तुमचीच हो," मालक म्हणाले. "फक्त तेवढा कागद आणा. शनिवार-रविवारचं कॉलेज असतं. तीन वर्षं म्हणजे काय, हां हां म्हणता जातील."

"आणि तोवर खुर्चीवर कोण बसणार?"

"कुणीच नाही. मी त्यावर फायली ठेवतो."

बाई चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. घरी नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून बसल्यामुळे त्याला जगाचा एका वेळी एकच कोपरा दिसायचा. तो म्हणाला, "अगं, या वयात परीक्षा? तुला तर वर्तमानपत्र वाचतानाही राग येतो."

"राग येतो म्हणूनच पास होईन," बाई म्हणाल्या आणि नाव घालून आल्या.

पहिल्या शनिवारी वर्गात शिरल्या तर पहिल्याच बाकावर टाय लावून कोण? मालकांचे सख्खे भाचे! कारखान्यात ते 'खरेदी विभाग बघत' असत, म्हणजे आलेल्या मालाकडे बघत असत. मामांनी त्यांनाही सांगितलं होतं, खुर्ची तुझीच, फक्त तेवढा कागद आण. एकाच खुर्चीवर दोन रुमाल टाकून ठेवणारा माणूस! बाईंना त्या क्षणी जी किळस आली, ती पुढे तीन वर्षं काही उतरली नाही.

आणि उतरावी तरी कशी? वर्गात ओल्या गालिच्याचा कुबट वास. सगळ्यांचे ऑफिसातून आणलेले थकलेले चेहरे. शिकवणारे सर आयुष्यात एका कॉलेजातून उठून दुसऱ्या कॉलेजात बसले होते, मधे कुठे काम करावं लागलं नव्हतं. नेतृत्व या विषयावर ते सलग दोन तास बोलले आणि त्या दोन तासांत पंखा लावण्यासाठी त्यांनी शिपायाला तीनदा हाक मारली. शिपाई काही आला नाही. शेवटी बाईंनी उठून पंखा लावला. सर म्हणाले, "बघा, याला म्हणतात पुढाकार!" आणि तेही फळ्यावर लिहिलं. वर्गानं ते वहीत उतरवून घेतलं. भाचेबुवांनी तर खाली रेघही मारली.

साधी गोष्ट साध्या शब्दांत सांगितली की गुण कापायचे, ही तिथली रीत बाईंच्या लवकरच ध्यानात आली. माणसं वेळेवर येत नाहीत असं लिहिलं तर दहात तीन. 'मनुष्यबळाच्या उपलब्धतेतील कालसापेक्ष विचलन' असं लिहिलं तर दहात आठ. बाई घरी येऊन चूळ भरायच्या. नवरा विचारायचा, "काय खाल्लंस?" त्या म्हणायच्या, "शब्द."

तरी दोन वर्षं रेटली. पदवीशिवाय खुर्ची नाही, हे त्या स्वतःला रोज बजावत होत्या. तिसऱ्या वर्षी प्रकल्प आला. आपापल्या कामाच्या जागेचा अभ्यास करायचा, सुधारणा सुचवायची, शंभर पानं लिहायची आणि तोंडी परीक्षा द्यायची. एकाच जागी काम करणाऱ्यांचा एक गट. म्हणजे बाई आणि भाचेबुवा. गुण दोघांना सारखे.

"ताई," भाचेबुवा टाय सारखा करत म्हणाले, "तुमचं लिखाण इतकं छान आहे की मी त्यात हात घातला तर बिघडेल. तुम्ही लिहा. मी बाइंडिंगचं बघतो."

"बाइंडिंगला तीन महिने लागतात वाटतं?"

"चांगल्या बाइंडिंगला लागतात, ताई."

बाईंनी खरं तेच लिहिलं. तिसरं पाणी, तीन श्वास, शंभरातले नऊ. सरांनी दोन पानं उलटली.

"वास? वास कोणत्या एककात मोजता तुम्ही?"

"नाकात."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "जे मोजता येत नाही ते प्रकल्पात येत नाही. या हुंगण्यात पाळीमागे किती वेळ जातो?"

"तिसरं पाणी धरून चाळीस मिनिटं."

"झालं तर मग! उलटं लिहा. तिसरं पाणी आणि वास घेणं या दोन्ही मूल्य न वाढवणाऱ्या कृती आहेत, त्या बंद कराव्यात, चाळीस मिनिटं वाचतील. आलेख किती देखणा येईल बघा. नाहीतर मी हे पास करू शकत नाही."

आता बाईंच्या मनात काय आलं, ते सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. त्या कॉलेजात प्रकल्प कुणीही वाचत नसे. हे अख्ख्या वर्गाला माहीत होतं. सर प्रकल्प हातात घेऊन वजन बघायचे, परीक्षक पानं मोजायचे आणि नंतर ते कपाटावर जायचे. सरांच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली गेल्या साली पहिला आलेला प्रकल्प सरकवलेला होता, बाईंनी स्वतः पाहिला होता. बाईंनी विचार केला, टेबलाच्या पायाला काय कळतंय खरं आणि खोटं?

आणि त्यांनी उलटं लिहिलं. चार रंगांत आलेख काढले. नवऱ्यानं शेवटचं पान वाचून भिंग वर सरकवलं.

"हे खोटं आहे ना?"

"परीक्षेपुरतं आहे."

"मग सही कशाला केलीस खाली?"

बाईंनी ताट जरा जोरात आदळलं.

पुढचे बारा दिवस त्या परीक्षेच्या रजेवर होत्या. भाचेबुवांनी बाइंडिंग केलं, आणि खरोखर झकास केलं. निळं कापड, सोनेरी अक्षरं. कॉलेजला तीन प्रती हव्या होत्या, त्यांनी चार केल्या. चौथी घेऊन ते मामांच्या टेबलाशी गेले. "मामा, मी एक शोधून काढलंय."

त्या प्रकल्पाला घराबाहेरचा एकुलता एक वाचक मिळाला तो असा. मालकांनीही शेवटचंच पान वाचलं म्हणा. पण चाळीस मिनिटं हा आकडा त्यांच्या डोळ्यांत असा भरला, की दुसऱ्या दिवशीपासून तिसरं पाणी आणि हुंगणं दोन्ही बंद.

बाई परीक्षा आटोपून तेराव्या दिवशी कामावर आल्या आणि फाटकातच थबकल्या. वास आधी आला, कारखाना नंतर दिसला. आंबूस, चिकट, घामाचा, मलमाचा, कुणाच्या तरी तापाचा वास. आवारात परत आलेल्या चादरींचे ढीग लागले होते आणि पाळीवरची माणसं तोंडाला फडकी बांधून त्यांच्या कडेकडेनं चालत होती. फोन खणखणत होता. हॉस्पिटलच्या मेट्रन होत्या.

"काय हो बाई, तुम्ही मेलात की काय?" त्या कडाडल्या. "चादर पांघरली की पेशंट विचारतो, माझ्या आधी या खाटेवर कोण होतं? तिघांच्या पाठीवर पुरळ आलंय. आठ दिवसांत सुधारलं नाही तर काम दुसरीकडे!"

बाईंनी पदर खोचला आणि कुणालाही न विचारता तिसरं पाणी सुरू केलं. मग जिन्यावर गेल्या. वर मालक भाच्यावर ओरडत होते, आणि भाचेबुवा खाली पाहत सांगत होते, "मामा, लिहिलं सगळं ताईंनी. माझं फक्त बाइंडिंग."

बाई आल्या पावली परत फिरल्या. बोलून काय करणार? खाली सही होती.

तोंडी परीक्षा आली पुढच्याच रविवारी. कामाच्या जागेचा एक प्रतिनिधी हजर हवा असा नियम, म्हणून मालकही कोपऱ्यात येऊन बसले. पेच अगदी उघडा होता. प्रकल्प माझा म्हणावं, तर मालकांसमोर सगळं पाप पदरात येतं. माझा नाही म्हणावं, तर पदवी जाते. खुर्ची दोन्हीकडून निसटत होती.

परीक्षक गलेलठ्ठ गृहस्थ. चहात बिस्किट बुडवायचे, तेच बोट जिभेला लावायचे आणि त्याच बोटानं पान उलटायचे. बाईंनी नाकाला पदर लावला. अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर. पानं भरली.

"छान. लिहिलं कुणी?"

भाचेबुवा खिडकीबाहेर बघू लागले. पंधरवड्यापूर्वी ज्यांनी सोनेरी अक्षरांत आपलं नाव वर घातलं होतं, त्यांना आता बाहेरच्या झाडावर फार महत्त्वाचं काहीतरी दिसत होतं.

"मी लिहिलं," बाई म्हणाल्या. "सगळं मी लिहिलं. आणि सगळं खोटं आहे."

परीक्षकांचं बिस्किट चहात पडलं. "खोटं कसं? आलेख आहेत की!"

"आलेखही खोटे. यात सुचवलंय तसं आमच्याकडे दहा दिवस केलं. लोकांच्या अंगावर पुरळ उठलं. वास घेतल्याशिवाय चादर सोडायची नसते, हे मला बावीस वर्षं माहीत आहे. माहीत असून मी उलटं लिहिलं, कारण तसं लिहिल्याशिवाय पास करणार नव्हते." त्यांनी सरांकडे पाहिलं. सर आपल्या पेनाचं टोपण तपासत होते.

"अहो बाई," परीक्षक चमच्यानं बिस्किट काढत समजुतीनं म्हणाले, "सुचवलेली सुधारणा अमलात आली, हे कशाला सांगितलं नाहीत आधी? त्याला जादा गुण असतात!"

"पण ती चुकली!"

"चुकली की बरोबर आली असा रकाना नाही इथे. अमलात आली, एवढाच आहे." आणि त्यांनी दोघांना शंभरात ब्याऐंशी दिले.

भाचेबुवांनी पहिल्यांदाच खोलीच्या आत पाहिलं. "थँक यू, सर."

सोमवारी मालकांनी बाईंना बोलावलं. काचेच्या खोलीतल्या खुर्चीवरच्या फायली उचललेल्या होत्या.

"बाई, तुम्ही काल खरं बोललात, मानलं तुम्हाला. पण मला एक सांगा, हा गाढव आहे, याला कळत नव्हतं म्हणून यानं घाण केली. तुम्हाला कळत होतं. कळत असून तुम्ही लिहून सही केलीत. आता सांगा, उद्या तुमच्या सहीचा कुठला कागद मी डोळे मिटून घेऊ?"

भाच्याला खुर्ची द्यायला निमित्त हवं होतं, हे बाईंना दिसत होतंच. त्या माणसाचा त्यांना आयुष्यात आला नव्हता इतका वीट आला. पण सगळ्यांत किळसवाणं हे होतं, की तो जे बोलला ते खोटं नव्हतं. तोंडाशी आलेली दहा उत्तरं त्यांनी गिळली. अकरावं दिलं.

"खुर्ची द्या त्याला. पण मी बाद म्हटलेला गठ्ठा तुमच्या मॅनेजरलाही गाडीत चढवता येणार नाही, असं लिहून द्या. मेट्रनबाईंना हवंय तसं, नाहीतर काम दुसरीकडे."

मेट्रनबाईंचं नाव निघाल्यावर मालकांनी मुकाट्यानं लिहून दिलं.

पदवीचा कागद दोन महिन्यांनी घरी आला. नवऱ्यानं हौसेनं त्याला चौकट केली, हातोडी घेतली आणि भिंतीसमोर उभा राहिला.

"कुठे लावू? इथे लावू का, टेबलासमोर? येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल."

बाई जेवायला बसत होत्या. त्यांनी चौकटीकडे पाहिलं आणि नाक मुरडलं.

"लाव कुठेही. फक्त मी जेवते तिथून दिसायला नको."