मागाच्या आवाजावर भाषण

बोलून माणूस मरतो का?

हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी गळ्यातली नळी काढून पेटीत ठेवली आणि आप्पांकडं हात धुवायला गरम पाणी मागितलं. जिन्नाप्पाला विचारलं, तर तो रडायला लागला. मारुती म्हणाला, "असलं काय विचारू नगंस, बाळू." म्हणजे उत्तर कुणाकडंच नाही, नाहीतर सगळ्यांकडं आहे आणि मला सांगायचं नाही.

अण्णा जाऊन अडीच महिने झाले. मंडळाचे किस्से मात्र थांबत नाहीत. मागावर बसलो की एक आठवतो, तो संपायच्या आत दुसरा येऊन उभा राहतो. कुणाला सांगायला गेलो तर ऐकणारा आधी हसतो, मग माझ्या तोंडाकडं बघून गप्प होतो. म्हणून लिहून काढतोय. माझी शाळा तिसरीपर्यंत. चुका असतील त्या असू द्यात.

आमचं घर शहापुरात, विणकरांच्या गल्लीत. बाहेरच्या खोलीत दोन हातमाग, एकावर वडील, म्हणजे आप्पा, एकावर मी. अण्णा माझा भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, कॉलेजात. त्याला भाषणाचा नाद. निपाणीला दर वर्षी दिवाळीनंतर विद्यार्थ्यांची वक्तृत्व स्पर्धा भरायची. अण्णा तीन वर्षं गेला, आणि तिन्ही वर्षं त्याचं भाषण संपायच्या आत घंटा वाजली. बक्षिसाचं त्याला काही नव्हतं. त्या स्टेजवर एक भाषण शेवटच्या वाक्यापर्यंत करायचं, एवढंच त्याला पाहिजे होतं.

"सुरुवात कुणालाबी जमती रं," तो म्हणायचा. "लोकांनी शेवट ऐकला पायजे."

त्यासाठी दुसऱ्या खेपेनंतर त्यानं मंडळ काढलं. त्यात तो, निपाणीच्या तंबाखूवाल्यांचा पण शिकायला इथं राहणारा जिन्नाप्पा, आणि मच्छे गावाहून चालत येणारा मारुती. मी शिकणारा नव्हतो, पण माझा माग मंडळात होता. गावच्या सभेला लाउडस्पीकर कुठला? आवाज शेवटच्या माणसापर्यंत आपला आपणच न्यायचा. अण्णानं युक्ती काढली. रविवारी दुपारी आप्पा भजनाला गेले की मी माग चालू ठेवायचा, एकानं मागाशेजारी उभं राहून भाषण करायचं, आणि बाकीच्यांनी गल्लीत उभं राहायचं. बाहेर शब्द कळला की हात वर.

सुताचा भुगा खोलीभर उडत असायचा. बोलणाऱ्यानं छाती भरून श्वास घ्यावा, असं अण्णा सगळ्यांना सांगायचा. सगळ्यात मोठा श्वास तोच घ्यायचा.

*

पहिल्या रविवारी मारुती उभा राहिला. विषय दारूबंदी. मारुतीचा आवाज रानात बैल हाकून तयार झालेला. त्यानं भिंतीकडं बोट करून सुरुवात केली, "किती दिवस चालायचं हे? पोरांच्या तोंडाकडं बघ आणि आजच्या आज सोड!"

पाच मिनिटांत शेजारची गंगूआक्का नवऱ्याचा दंड धरून दारात हजर. म्हणाली, "ह्यालाबी सांगा. घरात बसून ऐकू येतंय, पण समोर बसल्यालं बरं."

नवरा बिचारा खाली मान घालून बसला. मारुतीला चेव आला. त्यानं भाषण दुप्पट केलं. संसार, देव, देश, सगळं आणलं. शेवटी नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मारुतीनं विचारलं, "पटलं का?"

"लई पटलं," नवरा म्हणाला. "आता जाऊ का? गुत्ता बंद हुईल."

*

जिन्नाप्पाचं वेगळंच. घरात कन्नड, शाळेत मराठी. तो मनात एका भाषेत जुळवायचा आणि दुसरीत बोलायचा, त्यामुळं त्याचं प्रत्येक वाक्य विचार करून आल्यासारखं वाटायचं. परीक्षकांना ते आवडायचं.

भाषणात कुणी कुठली बाजू घ्यायची ते आम्ही चिठ्ठी काढून ठरवायचो. निपाणीच्या स्पर्धेसाठी जिन्नाप्पाला चिठ्ठी निघाली ती तंबाखूच्या विरोधात. घरात तीन पिढ्यांचा तंबाखूचा व्यापार! अण्णा म्हणाला, "वक्त्याला घर नसतं." जिन्नाप्पानं महिनाभर तयारी केली.

स्पर्धेच्या दिवशी स्टेजवर गेला आणि बघतो तर पहिल्या रांगेत पाहुणे म्हणून त्याचे वडील. पटका बांधून, छडीवर दोन्ही हात ठेवून. जिन्नाप्पानं भाषण होतं तसं सगळं म्हटलं, फक्त तंबाखूच्या जागी चहा म्हणत गेला. चहानं छाती जळते. चहा ओढणाऱ्याच्या तोंडाला वास येतो. चहाच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांना खोकला जडतो.

लोक एकमेकांकडं बघायला लागले. वडील मात्र मान डोलावत होते. शेवटी टाळीही त्यांचीच पहिली.

घरी गेल्यावर त्यांनी जिन्नाप्पाचा चहा बंद केला.

*

ऐकणाऱ्यानं मधेच टोकायचं, हाही मंडळाचा नियम. सभेत लोक ओरडतात, त्याची सवय व्हावी म्हणून. एका रविवारी अण्णा श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोलत होता. रंगात आला होता. घामाचं मोल, हातांचं मोल, असं चाललं होतं. मी मागावर धोटा फेकता फेकता ओरडलो, "श्रम श्रम म्हणतोस, धोटा कधी हातात धरलास व्हय रं?"

ते टोकणं नव्हतं. मला राग आला होता. माझं हे असंच, तोंडातनं गेल्यावर कळतं. अण्णा पाणी प्याला आणि खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर अण्णा माझ्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला. हातभर विणून झालं होतं आणि त्यात काठ कुठंच सरळ नव्हता. त्याला उठवून मी जागेवर बसलो, तेवढ्यात आप्पा आले. लग्नाच्या लुगड्याची नासाडी बघून विचारलं, "कुणी केलं हे?" मी म्हणालो, मी. त्यांनी एक ठेवून दिली.

पुढच्या रविवारी अण्णा मागाशेजारी उभा राहिला. "सभ्य गृहस्थहो, गेल्या सभेत प्रश्न आला होता, धोटा धरला का? तर धरला. मार प्रश्न विचारणाऱ्यानं खाल्ला."

मारुती आणि जिन्नाप्पा लोळून हसले. मीही हसलो. आता वाटतं, त्या दिवशी त्याला काहीतरी बोलायला पाहिजे होतं. काय ते अजून सुचत नाही.

*

गणपतीत गल्लीत कार्यक्रम होता. अण्णाला चिठ्ठी निघाली, यंत्रमाग आला पाहिजे. विणकरांच्या गल्लीत! आप्पा म्हणाले, घरात बस. पण अण्णा बोलला, आणि असा बोलला की मधेच टोकायचं मीसुद्धा विसरलो. हातमागाचे दिवस सरले, जो आज ओळखेल तो तरेल, असं काहीसं. लोक चिडले, पण उठून कुणी गेलं नाही.

समोरच्या घरात तुकाराममामा. चाळीस वर्षं मागावर. चौथ्या दिवशी त्यांनी माग उकलला आणि लाकडं सुताराला देऊन टाकली. अण्णाला कळलं तेव्हा तो जेवणावरनं उठून गेला. मी पाठोपाठ.

मामा उंबऱ्यावर बसले होते. म्हणाले, "तू सांगिटलंस ते पटलं बघ मला. आता गिरणीत बघतो काय मिळतंय."

"मामा, ती चिठ्ठी निघाली हुती," अण्णा म्हणाला. "दुसरी निघाली असती तर उलटं बोललो असतो."

मामांनी विचारलं, "मग तुला सोताला काय वाटतं?"

अण्णा तसाच सुताराकडं पळाला. तोवर मागाच्या खांबांची कुणाच्या तरी दाराची चौकट झाली होती. मामांना गिरणीत कुणी घेतलं नाही. त्यांचं वय झालं होतं. मग ते आमच्याकडं धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरायला यायला लागले. अण्णावर कधी रागावले नाहीत. उलट येईल त्याला सांगायचे, "पोरगं बोलतं लई झ्याक. माझा माग गेला की!"

त्यानंतर अण्णानं चिठ्ठ्या बंद केल्या. पुढच्या स्पर्धेला स्वतःला वाटतं तेच बोलणार म्हणाला. विषय घेतला, आमच्या गल्लीला काय पाहिजे.

*

पावसाळा सरता सरता त्याला खोकला लागला. मोकळी हवा बरी म्हणून आम्ही रविवारची सभा हिंडलग्यापुढच्या माळावर नेली. मागाचा आवाज नव्हता, पण वारा होता. अण्णा म्हणाला, वाऱ्यावर बोलणं अजून अवघड.

त्या दिवसांत सभाबंदी होती. पाच माणसं एकत्र दिसली की पोलीस यायचे. आम्ही चौघं. तरी एक शिपाई सायकल टाकून आलाच. चौघांना दोनदा मोजलं. मग म्हणाला, "पाचवा मी झालो. बंद करा."

अण्णानं त्याला बसायला सांगितलं आणि तिथंच त्याच्यापुढं भाषण सुरू केलं. गल्लीला शाळा का पाहिजे, नळ का पाहिजे. शिपाई खाली बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. अण्णाला मधे मधे खोकल्याची उबळ यायची, तोंडाला रुमाल लावून तो परत उभा राहायचा. आम्ही टाळ्या द्यायचो. वक्ता थांबू नये म्हणून टाळ्या द्यायच्या, असं त्यानंच शिकवलं होतं.

शिपाई उठला, पँट झटकली, टोपी घातली.

"भाषण चांगलं हाय," तो अण्णाला म्हणाला. "पर खोकला आधी बघून घ्या."

आमच्यापैकी कुणी तोवर हे बोललं नव्हतं. एकानंही नाही. आणि तिघांनाही रोज ऐकू येत होता.

*

डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं की एक शब्द बोलायचा नाही. खोलीत मी आणि आप्पा सोडून कुणी जायचं नाही. मी माझी जुनी पाटी शोधून अण्णाला दिली. तो लिहायचा, मी वाचायचो. मला वेळ लागायचा. जोडाक्षर आलं की मी अडायचो, आणि तो पुसून सोपा शब्द लिहायचा.

एका सकाळी त्यानं लिहिलं, तू शाळा का सोडलीस?

एवढ्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "माग रिकामा हुता."

त्यानं भरभर काहीतरी लिहिलं आणि मला वाचता यायच्या आत तळव्यानं पुसलं. मी विचारलं, "काय हुतं रं?"

त्यानं लिहिलं, जोडाक्षर होतं.

*

निपाणीच्या स्पर्धेचा दिवस आला. अण्णाला उठून बसता येत नव्हतं. जिन्नाप्पा आणि मारुतीही गेले नाहीत. स्पर्धेच्या वेळेला, दुपारी तीनच्या सुमाराला, ते आमच्या खिडकीखाली कट्ट्यावर येऊन बसले. तुकाराममामा आले, गंगूआक्का आली. मारुती बाहेरनं म्हणाला, "सभा हितंच भरवलीया. वक्त्यांना बोलवा."

अण्णा हसला आणि मला जवळ बोलावलं. मी म्हणालो, डॉक्टरांनी काय सांगिटलंय?

माझ्या कानाशी तोंड आणून तो म्हणाला, "मी कुठं बोलतोय? तू बोल."

असं ठरलं की तो एक वाक्य कानात सांगणार, माझा हात दाबणार, आणि मग मी खिडकीकडं तोंड करून ते मोठ्यानं म्हणणार. पहिल्या वाक्याला माझी बोबडी वळली. बाहेरनं जिन्नाप्पा ओरडला, "ऐकू येत न्हाय!" नियमच होता. मी छाती भरून श्वास घेतला.

पहिला मुद्दा शाळेचा. दुसरा नळाचा. तिसरा, मागाच्या खोल्यांना मोठ्या खिडक्या पायजेत, आत बसणाऱ्याला हवा पायजे. वाक्य यायचं, हात दाबला जायचा, मी बोलायचो. बाहेर मामा प्रत्येक मुद्द्याला "बराबर" म्हणत होते. अण्णाचे डोळे मिटलेले होते आणि तोंडावर तो स्टेजवर असायचा तसा भाव होता.

"आणि चौथं," तो माझ्या कानात म्हणाला.

मी थांबलो. कान त्याच्या तोंडाशी होता. हात त्याच्या हातात होता. तो दाबला गेला नाही. मी वाट बघितली. मग त्याच्याकडं बघितलं. छाती हलत नव्हती.

बाहेरनं मारुतीनं टोकलं, "वक्ते का थांबले? चौथं काय?"

मी खिडकीकडं तोंड केलं आणि म्हणालो, "चौथं म्हंजे..."

काय बोललो ते मला आठवत नाही. मारुती म्हणतो, तो मुद्दा सगळ्यात चांगला होता. मधेच जिन्नाप्पा म्हणाला होता, "अण्णाला म्हणावं पुरं कर आता, दमला असशील." मी म्हणालो, "न्हाय, तो म्हणतोय थोडंच राहिलंय." आणि पुढं बोललो. शेवटचं वाक्य म्हटलं. आलेल्यांचे आभार मानले.

खाली टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेपर्यंत मी मागं वळलो नाही.