माहेरच्या गठ्ठ्यातल्या बायका

खिडकीतल्या आक्का कुणाही बाईला आधी नाव विचारत नसत. "माहेर कुठलं गं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नाव मागाहून. वय तर त्या तोंडाकडे बघून स्वतःच टाकत आणि सहसा चुकत नसत. कळंबमधल्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर त्यांनी सारी नोकरी काढली. पाठीमागे सात लोखंडी कपाटं आणि कपाटांत गावागावांचे गठ्ठे. पुरुषाचा कागद त्याच्या गावाच्या गठ्ठ्यात, बाईचा मात्र जन्मभर माहेरच्या. "सासरला आली की नाव बदलतंय, आडनाव बदलतंय. माहेर कुठं बदलतंय?" असं त्या म्हणत.

मी तिथं संगणकाची नोंदणी सुरू करून द्यायला गेले तेव्हा नुकतीच पदवीधर झाले होते. येरमाळ्याजवळच्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. धाराशिवच्या एका छोट्या कंपनीने मला हे पहिलंच काम दिलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "दोन महिन्यांनी कागद बंद. जुनी कपाटं गोदामात जातील." सगळ्यांनी आक्कांकडे पाहिलं. आक्का म्हणाल्या, "नवी सून आली म्हणून सासूला त्याच दिवशी माळवदावर धाडता व्हय, डॉक्टर?" सगळे हसले, डॉक्टरही हसले. तारीख काही बदलली नाही.

जुनी माणसं विरोध करतात, त्यांना फायदे समजावून सांगा, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी आठ दिवस आक्कांना फायदे सांगितले. त्या चहा पीत ऐकायच्या, "लई छान सांगता तुम्ही" म्हणायच्या आणि पुन्हा गठ्ठ्याकडे वळायच्या. दवाखान्यात डॉक्टर सोडून त्या सगळ्यांना अगं-तुगं करत, मला मात्र 'तुम्ही'. मला तो मान वाटायचा. ते अंतर होतं, हे पुढे कळलं.

शेवटच्या तीन वर्षांची नावं मी रजिस्टरवरून संगणकात भरली आणि एका सोमवारी खिडकीवर बसले. आक्का मागे स्टुलावर. तिसऱ्या दिवशी एका सासूने तापाने फणफणलेल्या, दिवस गेलेल्या सुनेला आणलं. मी नाव टाकलं. संगणकाने 'नवीन रुग्ण' असं दाखवलं. मी कोरा कागद छापून दिला, आत डॉक्टरांनी तपासलं, इंजेक्शन लिहिलं. सासू औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर आली तशी आक्कांनी मागूनच विचारलं, "सुनेचं माहेर कुठलं हो?"

सासूने गाव सांगितलं, सुनेचं माहेरचं नावही सांगितलं. आक्का उठल्या, चौथं कपाट उघडलं, गठ्ठा सोडला आणि एक पिवळा पडलेला कागद घेऊन आत गेल्या. चपला घालायलाही थांबल्या नाहीत. त्या कागदावर वेगळंच नाव होतं, पण बाई तीच. सातवीत असताना त्याच जातीच्या इंजेक्शनने तिचा श्वास कोंडला होता. कागदाच्या कोपऱ्यावर लाल पेन्सिलीची आडवी रेघ होती, आक्कांची धोक्याची खूण. सिस्टरच्या हातात सुई भरलेली होती.

औषध बदललं. बाई चार दिवसांनी बरी होऊन घरी गेली. मी स्वतः बाई, उद्या लग्न झालं तर माझंही नाव बदलेल, आणि माझ्याच डोक्यात हे आलं नव्हतं. आक्का कुणापाशी एक शब्द बोलल्या नाहीत. मला एवढंच म्हणाल्या, "तुमच्या पेटीत तेवढा एक रकाना न्हाई, बघा."

मी डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. कपाटं एवढ्यात गोदामात नेली तर अशा किती बायका आपल्या दृष्टीने 'नवीन' होतील, कुणी सांगू शकत नाही, असंही मी म्हणाले. डॉक्टर वैतागले. "म्हणजे आता किती दिवस हे दोन्ही चालवायचं?"

दारात आक्का उभ्या होत्या. "मी रिटायर व्हायच्या आत समदं आत घालून देते. सात महिनं हायेत. पण सिस्टरांचा दुपारचा एक तास मला द्या."

डॉक्टरांनी होकार दिला.

तिथून कामाला खरी सुरुवात झाली. 'माहेरचं नाव' आणि 'माहेरचं गाव' असे दोन रकाने कंपनीकडून मागून घेतले. दुपारी आक्का कागद वाचायच्या, अक्षर लागलं नाही तर सिस्टर सांगायच्या, मी टंकायची. लाल रेघेचा कागद आला की तिघींनी वाचून झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा आक्कांचा नियम. मोठ्या सिस्टर पहिल्याच आठवड्यात कुरकुरल्या, "आक्का, आम्ही सुया टोचायच्या का तुमच्या गठ्ठ्यांची धूळ खायची?"

"तू सुई टोचतीस म्हणूनच बोलावलंय. कुठली टोचायची न्हाई, ते ह्या धुळीतच हाय."

पुढे त्याच सिस्टर आमच्याआधी येऊन बसू लागल्या. आक्कांनी कळफलकाला शेवटपर्यंत हात लावला नाही, पण संगणकाची परीक्षा रोज घेतली. "आता ह्या बाईला सासरच्या नावानं हुडका. आता नुसत्या गावानं." सापडली की म्हणायच्या, "शानं हाय की!"

येरमाळ्याकडचे गठ्ठे निघाले तेव्हा एका कागदावर त्या थांबल्या. तिचं माहेर त्याच भागातलं, आणि कागदावर सासर म्हणून आमचंच घर लिहिलेलं; तो माझ्या आजीचा होता. घरात आम्ही तिला लक्ष्मीबाई म्हणून ओळखत होतो. कागदावर चंद्रभागा होतं. आजी जाऊन पाच वर्षं झाली होती. मी तो कागद नुसती बघत राहिले. आक्का म्हणाल्या, "घाल तिलाबी आत. आणि मग जेव, सकाळपासून काय खाल्लं न्हाईस तू." त्यांनी मला 'तू' म्हटलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

आता मी जिल्ह्यात आणखी काही दवाखान्यांत हेच काम करते. पहिले आठ दिवस संगणक उघडत नाही. खिडकीमागे स्टुलावर बसून तिथली माणसं काय विचारतात, ते ऐकते. पदवीत हे कुणी शिकवलं नव्हतं.

आक्कांच्या शेवटच्या दिवशी डॉक्टरांना सत्कार करायचा होता. आक्कांनी तो दुपारवर ढकलला, कारण सकाळी सातव्या कपाटातला एक गठ्ठा उरला होता. साडेअकराला शेवटचा कागद झाला. आक्कांनी गठ्ठ्याचं फडकं झटकलं, घडी घातली आणि खुर्ची माझ्या शेजारी ओढली.

"सगळ्या आल्या का गं आत?"

"आल्या, आक्का."

"नीट बघ."

मी गावांची यादी उघडली आणि एकेक गाव वाचत गेले. प्रत्येक गावाला त्या मान हलवत होत्या. यादी संपली. बाहेर खिडकीशी रांग लागली होती. आक्का उठल्या, पदर सारखा केला.

"मग मी निघायला मोकळी," त्या म्हणाल्या, आणि मला खिडकीसमोर बसवलं.