देवरावशिवाय सुरू न होणारी गाडी

देवरावने मला चार वर्षे फसवले. रोज सकाळी, माझ्याच अंगणात, माझाच चहा पीत. माणूस गेला की त्याच्याबद्दल गोडच लिहितात म्हणे, लिहोत बापडे. मी राइस मिलचा कोंडा सायकलवर लादून गावोगाव विकत वर आलेला माणूस आहे. बालाघाटच्या बाजारात मला कोणी फसवू शकले नाही. फसवले ते शेजाऱ्याने.

त्याची जुनी मोटारसायकल मी विकत मागितली, तेव्हा मी सांगितलेला भाव त्याने एका दमात कबूल केला. तिथेच मला शंका यायला हवी होती. दुसऱ्या दिवशी लांजीला निघालो, तर गाडी ढिम्म. वीस किका मारल्या. शेवटी कुंपणावरून हाक मारली. देवराव लुंगी सावरत आला, टाकीला कान लावला, सीटवर दोन थापा दिल्या आणि म्हणाला, "चाल वो माय, सेठले उशीर होऊन राह्यला." एका किकमध्ये सुरू! मग अर्थातच चहा. पुढे हे रोजचेच झाले. मेकॅनिककडे नेता आली असती. पण फुकट होणाऱ्या कामाला पैसे मोजणारा मी नव्हे.

संध्याकाळी माझ्या फाटकाशी आळीतल्या गाडीवाल्यांची गाऱ्हाणी चालत. कोणाचा साळा भरलेली टाकी घेऊन जाई आणि नुसता वास परत आणी. कोणाची गाडी उकवा गावच्या चढावर बायकोला उतरवल्याशिवाय हलत नसे. मायलेजबद्दल तर सगळेच खोटे बोलत. देवराव माझ्याच गाडीवर आडवा बसून ऐकत असे. मी तिला शिव्या घातल्या की म्हणे, "तिले बोलू नोको बे, रुसते." सगळे हसत. मीही...

दीड महिन्यापूर्वी एका सकाळी मी तीन हाका मारल्या. ओ नाही. उशीर होत होता, डोके फिरले. "देवराव्या, मेला का बे?" असा भर अंगणातून ओरडलो. त्याच्या दारात त्याची बायको, आमच्या वहिनी, आल्या. तो पहाटे झोपेतच गेला होता...

त्या दिवसापासून गाडी सुरूच होईना, म्हणून तेरवी झाल्यावर मी ती भंगारात काढायला निघालो. ते पाहून वहिनी आल्या, सीटखाली हात घातला. टक् आवाज झाला. चोरबटण! कोणी गाडी पळवू नये म्हणून देवरावने कधीकाळी बसवलेले. संध्याकाळी गाडीवर बसल्या बसल्या तो ते बंद करी, सकाळी थापा मारता मारता चालू.

"तुमाले माहीत होतं?"

"हौ."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"म्या म्हनलं होतं त्यायले, भाऊजीले सांगून द्या. तर म्हने, बटन सांगतलं का तो मले हाक कायले मारन?"

संताप झाला, अजून आहे. सरळ फाटक उघडून यायचे, चहा मागायचा! मी काय नाही म्हणालो असतो? हे मी वहिनींनाही विचारले. त्या फाटक ओढून घेऊन घरी गेल्या.

आता गाडी एका किकमध्ये सुरू होते. तरी संध्याकाळी मी सीटखाली हात घालून बटण बंद करतो आणि सकाळी कुंपणाकडे तोंड करून उभा राहतो. घरात अजून एक कप चहा जास्तीचा होतो, आणि तो गार होतो. चार वर्षांत एकदा तरी मागून बघायचे होतेस, देवराव्या. मी नाही म्हणालो असतो, हे तू कशावरून ठरवलेस? जाब दे.