नावाड्याच्या पोरीला दिलेलं उत्तर

नावाड्याच्या पोरीचं ते कार्टून आता खरी माणसं घेऊन नव्यानं काढलंय असं कळलं, तेव्हा माझं डोकंच सणकलं. चांगल्या चाललेल्या गोष्टीला हात लावायची लोकांना काय हौस असते, कोण जाणे. मी मूळची गडचांदूरची, सिमेंटच्या धुळीत वाढलेली. राग यायला मला वेळ लागत नाही, आणि उतरायलाही फार लागत नाही, पण मधल्या वेळात समोरच्याची खैर नसते.

हे कार्टून माझ्या मालकीचं आहे असं मला वाटतं, त्याला कारण आहे. नोकरीची बरीच वर्षं मी भामरागडकडच्या एका आश्रमशाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते. पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं की रस्ता बंद, फोन मुका, पेपर नाही, पाहुणा नाही. पोरी, मी, स्वयंपाकाची बाई आणि एक टीव्ही. टीव्हीवर लावायला माझ्या मुलीच्या लहानपणीची एक सीडी होती. दुसरीही होती, पण ती मध्येच अडकायची. त्यामुळे सगळा पावसाळा तेच कार्टून चालायचं.

गोष्ट साधी होती. पुरात बाप गेलेली नावाड्याची पोर त्याचा डोंगा चालवायला घेते. धुक्यात काठ दिसत नाही म्हणून ती गाणं म्हणते, आणि काठावरची माणसं तिला गाण्यातूनच उत्तर देतात. उत्तर आलं त्या बाजूला ती डोंगा वळवते. सोबतीला एक बोलकं पाणमांजर, सदा दात काढणारं. नदी ओलांडून बाजाराला जाणाऱ्या आमच्या पोरींना ही गोष्ट समजावून सांगावी लागली नाही. कार्टून हिंदीत होतं, निम्मंशिम्मंच कळायचं, तरी पोरी टीव्हीपुढून हलायच्या नाहीत.

आणि नुसत्या बघायच्याही नाहीत. त्यांच्या गावात रेला नाचतात तेव्हा पोरी एकमेकींच्या कमरेत हात घालून ओळी धरतात. एक ओळ गाणं टाकते, समोरची उचलते. टाकलेलं गाणं कुणी उचललं नाही तर टाकणारीचा तो अपमान. त्यामुळे कार्टूनमधली पोर गायला लागली की आमच्या पोरी उठून ओळ धरायच्या आणि तिला उत्तर द्यायच्या, आपल्या माडिया बोलीत. मी मात्र मागे डाळ निवडत बसायचे. एकदा एक चिमुरडी ओळ सोडून माझ्यापाशी आली.

"बाई, तू काऊन गप बसली? उत्तर दे ना. ते एकटी हाये."

"अवं, ते कार्टून हाये," मी म्हटलं.

"मंग काय झालं? उत्तर नाई भेटलं त डोंगा कुठी नेईन ते?"

मी सूप बाजूला ठेवलं आणि मलाही जमेल तसं म्हणायला लागले. तिथल्या सगळ्यांना माझा आवाज कसा आहे ते माहीत आहे, त्यामुळे त्याबद्दल न बोललेलंच बरं.

ती चिमुरडी पुढं वसतिगृहातली पहिल्या आवाजाची पोर झाली. गाणं टाकायचं असो की उचलायचं, आधी तिचा आवाज यायचा, मग बाकीच्यांचा. बारावी झाली आणि तिला चंद्रपूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा मी निवृत्त होऊन चंद्रपुरातच राहायला आले होते. तिच्या गावातून नर्स व्हायला निघालेली ती पहिलीच पोर. माझी छाती किती फुगली होती ते सांगत नाही.

तर आता हा नवा सिनेमा. जुन्या पोरींचा फोनवर एक ग्रुप आहे. सिनेमाची झलक आली आणि ग्रुपवर नुसता गदारोळ. "पाणमांजर हसतच नाई." "इचे केस कोरडे काऊन? नदीत हाये ना ते?" "डोंगा त आजच दुकानातून आणल्यावानी दिसते." सगळ्यात लांबलचक, बोटं मोडणारा मजकूर अर्थातच माझा होता. बाहेरच्या जगातही तेच चाललं होतं. चांगली शिकलीसवरली माणसं कॅमेऱ्यापुढं बसून रडत होती, की आमचं बालपण नासवलं म्हणून. मी ते सगळं मोठ्या चवीनं बघत होते.

फक्त एक जण काहीच लिहीत नव्हती, पहिल्या आवाजाची. एवढं मोठं भांडण आणि ही गप? मी फोन लावला.

"बाई, मी गावाले परत चालली," ती म्हणाली.

हळूहळू काढून घेतलं. पहिल्याच आठवड्यात वर्गात उभं राहून स्वतःची ओळख द्यायची होती. हिनं आपल्या माडिया वळणाच्या मराठीत, जशी बोलते तशी दिली, आणि वर्ग हसला. बस, एवढंच. पण त्या दिवसापासून तिचं तोंड बंद झालं. वर्गात नाही, मेसमध्ये नाही, वॉर्डात पेशंटपाशीसुद्धा नाही. आता तोंडी परीक्षा आली होती आणि शिकवणाऱ्या बाईंनी सरळ सांगितलं होतं, की न बोलणारी नर्स कुणाच्या कामाची? त्यांचंही चूक नव्हतं. हिनं बॅग भरली होती. रविवारी संध्याकाळी गावाकडं जाणाऱ्या अहेरीच्या गाडीनं निघणार होती.

मी तिच्यावर ओरडणार होते. जिभेवर सगळं आलं होतं. पण ओरडून तिचं तोंड उघडलं असतं का? म्हटलं, "जाय. पण रविवारी दुपारी आपला सिनेमा लागून राह्यला. तो पाह्य अन् मंग जाय." तिकडून "बरं" आलं.

रविवारी मॉलमध्ये आम्ही चौघी. ती, मी, आणि ग्रुपमधल्या दोघी, ज्या चंद्रपुरातच कामाला आहेत. तिनं बॅग खाली काउंटरवर ठेवली. वाळली होती पोरगी. मी पॉपकॉर्न घेतले आणि खोड्या काढायला तयार होऊन बसले.

पण खरं सांगते, खोडी काढायला जागाच सापडेना. नदी पडद्यावर आली आणि माझ्या उजवीकडच्या दोघी खुर्चीतून पुढं सरकल्या. पाणी आमच्या नदीसारखं गढूळ होतं. पाणमांजर हसत नव्हतं, नुसतं मान वर काढून बघायचं आणि बुडी मारायचं. "आमच्या डोहातलं असंच पाह्यते," त्यातली एक कुजबुजली, आणि इतके दिवस ग्रुपवर त्या पाणमांजराच्या नावानं शिमगा करणारी हीच. नावाड्याच्या पोरीचं काम करणारी मुलगी काळीसावळी, रुंद हाडाची, वल्हं अशी मारत होती की तिच्या खांद्यात ते दिसत होतं. मी पॉपकॉर्न खायचे विसरले.

मग धुकं आलं आणि ते गाणं सुरू झालं. तिनं पहिली ओळ म्हटली. आणि काहीच नाही. काठावरून उत्तरच नाही. नुसता पाण्याचा आवाज. नव्या सिनेमात त्यांनी काठावरची माणसंच काढून टाकली होती. तिनं दुसरी ओळ म्हटली, पुन्हा तेवढीच रिकामी जागा. मागच्या रांगेतला एक कॉलेजचा पोरगा मोठ्यानं म्हणाला, "यार, कोरसच उडवला. पैसे वाचवले साल्यांनी." चारदोन जण हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्याच होत्या. ज्या गाण्याचा सगळा जीव उत्तरात, त्याचं उत्तरच काढून टाकायचं?

तिसरी ओळ झाली. आणि त्या रिकाम्या जागेत माझ्या डाव्या हाताकडून उत्तर आलं.

माडियात. स्वच्छ, उंच, अजिबात न घाबरलेलं. पहिल्या आवाजाच्या पोरीनं ते मुद्दाम केलं नव्हतं. टाकलेलं गाणं समोर पडलं होतं आणि कुणी उचलत नव्हतं, तिला ते बघवेना, बस. पुढच्या ओळीला त्या दोघीही तिच्या आवाजाला लागल्या. सिनेमागृहात असं काही करत नाहीत हे तिघींनाही माहीत आहे. पण त्या वेळी ते कुणाच्या डोक्यात होतं?

"ओ ताई, शांत बसा ना," मागून तोच पोरगा.

मी वळले. "भाऊ, तिकडून कोणी बोलून नाई राह्यलं म्हणून ह्या बोलून राह्यल्या. तुमाले येत असंन त तुमी बी म्हणा. नाई त पॉपकॉर्न खा."

त्यानं खरंच पॉपकॉर्न तोंडात टाकलं. का कोण जाणे, सगळंच सभागृह ऐकायला लागलं. पडद्यावरची पोर एक ओळ म्हणायची, थांबायची, धुक्यात कान देऊन बघायची, आणि आमच्या रांगेतून उत्तर जायचं. मग तिनं मान वळवली आणि डोंगा वळवला. तसं ते सिनेमातच होतं, मला कळतं की. तरी माझ्या डोळ्यांना धार लागली. मीसुद्धा शेवटच्या दोन ओळींना आवाज दिला, जसा आहे तसा.

शेवटी ते गाणं पुन्हा येतं, तेव्हा पुढच्या रांगांतली लेकरंही लागली होती. शब्द कुणालाच येत नव्हते, नुसता सूर धरला होता. मला तर आता पक्कं वाटतं, की ती जागा त्यांनी पैसे वाचवायला सोडलेली नाही. बघणाऱ्यांनी भरावी म्हणून सोडली. ज्यानं कुणी ती सोडली त्याला माझा नमस्कार, आणि ग्रुपवर मी लिहिलेलं सगळं मी परत घेते.

बाहेर आलो तर एक तरुण बाई तिच्या लहान मुलीला घेऊन आमच्यामागे आली. "ताई, ते तुम्ही काय म्हणत होत्या? ही केव्हाची विचारून राह्यली."

मी तोंड उघडणार होते, सवयीनं. पण प्रश्न मला नव्हता. मी काउंटरवरून तिची बॅग आणायला गेले आणि तिथंच रेंगाळले.

ती त्या मुलीपुढं खाली बसली. आपण भामरागडच्या तिकडच्या, नदीच्या काठच्या, आमची बोली माडिया, रेला म्हणजे काय, ओळ कशी धरायची, टाकलेलं गाणं काऊन उचलायचं, सगळं सांगत गेली. त्याच मराठीत, ज्या मराठीवर वर्ग हसला होता. मुलीनं तिच्याकडून गाण्याचे शब्द चारचारदा म्हणवून घेतले. तिची आई ऐकत उभी होती. कुणी हसलं नाही. मी ती बॅग हातात धरून उभी होते, आणि जड होती ती चांगलीच.

संध्याकाळी स्टँडवर आलो. त्या दोघी आपापल्या वाटेनं गेल्या होत्या. अहेरीची गाडी फलाटाला लागलेली होती आणि कंडक्टर दारात उभा राहून अहेरी, अहेरी ओरडत होता. तिनं गाडीकडं पाहिलं. चांगलं नीट पाहिलं.

"गेली वाटते, बाई," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "गेली."

तिनं माझ्या हातातून बॅग घेतली आणि आम्ही हॉस्टेलकडं जाणारी रिक्षा बघायला लागलो.