गुरुवारी जना बसतो

आमच्या ऑफिसात किस्से साठतात ते साइटवर जाणाऱ्या गाडीत वाळू साठते तसे. रोज झाडा, रोज मूठभर निघतेच. त्यात गेल्या वर्षी आमच्या शेठनी समाजसेवा सुरू केली आणि घमेली भरायला लागली. मी सांगताना जरा तिखटमीठ लावतो अशी माझी ख्याती आहे. पण खालचं सगळं खरं आहे. ज्याला खोटं वाटेल त्याने अलिबागला येऊन कोणालाही विचारावं, फक्त मला सोडून.

आमचा धंदा सेकंड होमचा. म्हणजे मुंबईत ज्यांना एक घर आहे, त्यांना इथे दुसरं विकायचं. एचआरच्या रोहिणी मॅडम इंदूरच्या. त्यांनी शेठना पटवलं, कंपनीने काहीतरी सोशल केलं पाहिजे.

शेठ म्हणाले, "करा. पण आपल्याच लाइनीतलं करा."

मॅडमनी बेघरांचं निवारा केंद्र निवडलं. शेठ खूश. घराचीच लाइन!

जोडीला एक व्यसनमुक्ती केंद्र. ते का, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मांडव्याच्या जेट्टीवरून गिऱ्हाइकं आणणारा आमचा ड्रायव्हर जना पाटील दारू सुटावी म्हणून तिथे राहून आला होता. ऑफिसात जाहीर केलेलं कारण, 'पुण्याला ट्रेनिंग'. त्याची बायको वनिता श्रीवर्धनला माहेरी निघून गेली होती. जाताना सांगून गेली, "शिमग्यापर्यंत ग्लासाला हात लावला न्हायस तर येईन. लावलास तरी येईन, पण माझे कपडे न्यायला."

जना परतला तेव्हा शेठनी सर्वांदेखत विचारलं, "ट्रेनिंग कसं झालं?"

"एकच विषय होता साहेब," जना म्हणाला. "पण लय कठीण."

*

पहिली मोहीम चादरींची. मॅडमनी दाराशी खोका ठेवला, तो बघता बघता भरून वाहिला. शेठ गहिवरून बघायला आले. खोक्यातून एकामागून एक आमच्याच कंपनीने दिवाळीला वाटलेल्या चादरी निघाल्या. कोणी प्लास्टिकसुद्धा फोडलं नव्हतं. प्रत्येक चादरीवर ठसठशीत छापलेलं, 'तुमचं दुसरं घर, आमच्याकडे.'

वाटायला मी आणि जना गेलो. एका आजोबांनी चादर उलगडली, चष्मा लावून दोनदा वाचली.

"दुसरं देताय ते बरं हाय," ते म्हणाले. "पण पयल्याचं काय?"

मी पुढची चादर काढायला वळलो. जना मात्र त्यांच्याशेजारी उकिडवा बसला. "बाबा, माझं पण पयलंच अडकलंय."

*

मग मॅडमनी रिसेप्शनवर मोठा फलक लावला, 'निवारा. आपणही हातभार लावा.' त्याच दिवशी जनाने जेट्टीवरून एक जोडपं आणलं. त्यातल्या साहेबांची नजर थेट फलकावर.

"हा निवारा नवीन प्रोजेक्ट का?"

"हो सर, पण तो नीडी लोकांसाठी आहे," मॅडम म्हणाल्या.

"नीड आहे म्हणूनच तर आलोय."

"एका खोलीत आठ जण झोपतात, सर. बाथरूम कॉमन आहे."

बाईंनी नवऱ्याला कोपराने ढोसलं. "किती रस्टिक ना?"

"सी-व्ह्यू?" साहेबांनी जनाला विचारलं.

"एसटी स्टँड दिसतो," जनाने प्रामाणिकपणे सांगितलं.

शेवटी मॅडमनी हात जोडले. "सर, पहिली अट अशी आहे की स्वतःचं घर नसलं पाहिजे."

साहेबांनी एकदा बाईंकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सगळं वाइफच्या नावावर आहे. चालेल?"

*

शिमगा जवळ आला तेव्हा व्यसनमुक्ती केंद्राला मदत म्हणून शेठनी एका रिसॉर्टवर देणगीदारांचं जेवण ठेवलं, दुपारचं. रिसॉर्टवाला म्हणाला, बारसकट घ्या नाहीतर बार वगळून घ्या, दर एकच.

"दर एकच, तर सोडायचं कशाला?" शेठ म्हणाले. मॅडमनाही उत्तर सुचेना. मलाही सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी फार प्रयत्नही केला नाही.

त्यामुळे 'व्यसनमुक्त रायगड' या फलकाच्या बरोबर खाली बार लागला. एका देणगीदाराने ग्लास उंचावून पहिला घोट केंद्राच्या नावाने घेतला. संध्याकाळपर्यंत तो केंद्रातच भरती होण्याच्या लायकीचा झाला. सगळ्यांना घरी सोडायला अर्थातच जना. न पिणारा माणूस ऑफिसात तो एकच.

गाडीपाशी त्या देणगीदाराला एक चप्पल सापडेना. "पकड जरा," म्हणत त्याने ग्लास जनाच्या हातात दिला आणि वाकला. तेवढ्यात मॅडमनी फोटो काढला. जना हसतोय, हातात ग्लास, मागे व्यसनमुक्तीचा फलक. खाली ओळ, 'आमचा जना, आमची प्रेरणा.' आणि स्टेटसला टाकला.

जना गाडी घेऊन परत येईपर्यंत फोटो श्रीवर्धनला पोचला होता.

*

पुढचा गुरुवार. गुरुवारी दुपारी केंद्रात बरी झालेली मंडळी जमतात, गोल बसून बोलतात. मोबाइल बंद ठेवायचा हा तिथला नियम. शेठनी जनाला त्यासाठी रजाच दिलेली. ऑफिसात आम्ही आपलं म्हणायचो, गुरुवारी जना बसतो. इंदूरच्या मॅडमना या बसण्याचा दुसरा अर्थ कोणी सांगितलाच नव्हता.

फोन त्यांनीच उचलला, स्पीकरवर.

"मी वनिता पाटील. स्टँडवरनं बोलते. ह्यांचा मोबाइल बंद हाय. हायत कुठं?"

"ते ना? ते बसलेत."



मी खुर्चीतून जोरजोरात हातवारे केले. मॅडमना वाटलं पंखा बंद करायला सांगतोय. त्यांनी पंखा बंद केला.

"कवापासून बसलेत?"

"दर गुरुवारी बसतात. एकटे नाही हं, चांगला ग्रुप आहे त्यांचा. आमचे सर स्वतः सुट्टी देतात."

"उठणार कवा?"

"आता चारशिवाय कोणी उठत नाही."

थोड्याच वेळात वनिता रिक्षाने ऑफिसच्या दारात. हातात मोठी पिशवी, रिकामी. ग्लास कसा हातात आला ते मी समजावायला लागलो, तर म्हणाली, "नाना, तुमचं मला सांगू नका. तुमचं कोण खरं मानतंय?" मी म्हटलं, चला वहिनी, स्वतःच बघा.

केंद्र नागावच्या पुढे, एका नारळाच्या वाडीत. दारातून आत बघितलं तर पंधरा-वीस बाप्ये गोल बसलेले, आणि प्रत्येकाच्या हातात लालसर काहीतरी भरलेला ग्लास. जना समोरच. वनिताला बघून त्याचा हात तसाच अधांतरी राहिला.

"या ताई, बसा," केंद्रातले सर म्हणाले.

ती बसली नाही. सरळ जनापाशी गेली, त्याच्या हातातला ग्लास घेतला, हुंगला, एक घोट घेतला. शेजारच्याचाही हुंगला. तो बिचारा उभाच राहिला.

"कोकम हाय," ती कोणाकडेच न बघता म्हणाली. "साखर कमी पडलीय."

मग उभ्या राहिलेल्याच्या खुर्चीत बसली आणि पिशवीची घडी घालायला लागली. मला काही उमजेना. कपडे न्यायचे की नाहीत? आता एखाद्या वडीलधाऱ्याने काहीतरी जबाबदारीचं बोलावं असं वाटलं, आणि वयाने मोठा तिथे मीच होतो.

म्हटलं, "वहिनी, श्रीवर्धनची गाडी सुटेल हं."

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जनाकडे बघून विचारलं, "सुटली?"

जना खाली फरशीकडे बघत म्हणाला, "सुटली."

मी घड्याळ बघितलं. गाडीला अजून चांगला अर्धा तास होता.