लक्ष्मीचं माहेर

फोन आला तेव्हा मी कुळीथ निवडत होते. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे भावजी जेवायला येणार. फोन त्यांच्या खोलीतल्या केरळच्या माणसाचा होता. "भाभी, भाईसाब…" मग कसंबसं त्याने सांगितलं. ड्यूटीवरून येऊन भावजी आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत. मी कुळीथ तसेच पाण्यात टाकले. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

भावजी म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. इथे आखातात वर्ल्ड कपच्या स्टेडियमवर सुतारांचे फोरमन होते, बरवा अल बराहाला, कामगारांच्या वसाहतीत, कंपनीच्या खोलीत राहायचे. जेवण झालं की कामावरच्या जुन्या नकाशाची कोरी बाजू आमच्या फरशीवर पसरायचे. तिच्यावर घराण्याची वंशावळ होती. सगळे पुरुष. फक्त अगदी वर एक बाई, पणजोबांची आई, लक्ष्मी. दीडशे वर्षांपूर्वी पटकीने नवरा गेला, तेव्हा तिने दोन मुलं आणि भाताचं एक खाचर राखलं, म्हणून आपण आहोत, असं ते म्हणत. पण ती कुठली, कोणाची, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. "स्टेडियम उभं राहिलं की खलास, मी घरी. त्याआधी हिचं माहेर शोधणार."

खिडकीतून लांबवर क्रेन फिरताना दिसायच्या, धुळीत बुडालेल्या, अगदी सावकाश. भावजी बोलू लागले की त्या धुळीतून मला एक नऊवारीतली बाई येताना दिसायची. कडेवर एक, बोटाला एक… ती जवळ कधी पोचायचीच नाही.

दोन वर्षं त्यांनी दक्षिण कोकणात गावोगाव फोन लावले. तुमच्याकडची लक्ष्मी आमच्याकडे दिली होती का? सगळीकडून नाही. एका शुक्रवारी ते म्हणाले, "नाहीच सापडायची ती."

मी भाकरी वाढत होते. चौथी शिकलेली मी, पुरुषांच्या बोलण्यात पडत नाही. पण तोंडातून निघून गेलं. "भावजी, लक्ष्मी हे आपल्या घरचं नाव. लग्नात ठेवलेलं. माहेरी तिला त्या नावाने कोण ओळखणार?"

हे हसत सुटले. "घ्या! दोन वर्षं घसा कोरडा केलात, दादा!"

भावजी हसले नाहीत. मग मी उरलेलंही सांगितलं. आमच्या घरातली नवी सून पहिली ओटी कुलदेवीची भरते आणि दुसरी खाडीपलीकडच्या एका गावच्या देवीची. कुठल्यातरी सासूचं ते माहेर, असं सासूबाई म्हणाल्या होत्या.

"अगो, मग इतके दिवस बोलली नाहीस?" भावजी म्हणाले.

"तुम्ही विचारलंच नाही."

त्या गावात जुनं माहीत असलेली एक म्हातारी निघाली. ती मुंबईला लेकीकडे गेली होती. ती परतली की पुढच्या शुक्रवारी तिला फोन करायचा ठरला… तोच हा शुक्रवार, ज्याच्यासाठी मी कुळीथ निवडत होते.

हे भावजींना घेऊन गावी गेले. मुलांच्या परीक्षेमुळे मी इथेच राहिले. म्हातारीचा नंबर आमच्याकडेच राहिलेल्या नकाशाच्या कोपऱ्यात होता. परक्या माणसाला मी कधी आपणहून फोन लावलेला नव्हता. तीन आठवडे नुसती बघत होते. मग एका दुपारी लावला.

"खाडीपल्याड दिलेली?" म्हातारी ओरडलीच. "ती आमची चंद्री गो! माझ्या आजीची आत्या. घोव मेला तेव्हा भाऊ आणायला गेलेला. म्हणाली, भाताची लावणी झाल्याबिगर येत नाय. मग आलीच नाय बघ. तुम्ही आता विचारताय होय?"

मला रडू आलं. कुणासाठी, ते कळलं नाही.

मी कागद पसरला आणि लक्ष्मीशेजारी चंद्री लिहिलं. भावजी सुताराच्या पेन्सिलीने इतकं दाबून लिहायचे, की तिच्यापासून मुलांकडे उतरलेली त्यांची रेघ डोळे मिटूनही बोटाला लागते. वरची जागा कोरी होती. तिथे मी तिच्या माहेराकडे एक रेघ ओढली. भावजींच्या रेघेइतकी सरळ नाही आली.